रक्तातला आकडा

माझी मुलगी कधीच आजारी नव्हती. हे वाक्य मी सासरी म्हणून पाहिलं, माहेरी म्हणून पाहिलं, शाळेत बाईंसमोर म्हणून पाहिलं, लग्नाच्या पंगतीत शेजारणीला वाढता वाढता म्हणून पाहिलं. ऐकणारी मान डोलावते आणि म्हणते, "हाव, आता बरीच झाली म्हना." मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागते. बरी झाली आणि आजारी नव्हतीच, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि आमच्या देऊळघाटात ते फक्त मला दिसतं. त्यामुळे मी गावात भांडखोर म्हणून ओळखली जाते. ओळखोत बापडे.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी मलकापूरला होते. वडिलांचं तिथं कापडाचं छोटं दुकान, आणि घर दुकानाच्या मागे. मालगाडी गेली की मांडणीवरच्या वाट्या किणकिणायच्या आणि पोटातलं बाळ लाथ मारायचं. आई म्हणायची, पोरीला प्रवासाची हौस दिसते. तेव्हापासून ती मुलगीच असणार हे आईनं ठरवून टाकलं होतं, आणि झालीही मुलगीच. जन्मताच खणखणीत रडली. दुधाला लागली ती अशी, की मलाच दम लागला, तिला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही अजून दवाखान्यातच होतो तेव्हा, तिचे तळहात-तळपाय जरा निळसर दिसले. थंडीचे दिवस होते. आईनं तिला माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं, कुशीत धरलं आणि थोड्या वेळात रंग परत आला. पण तेवढ्यात राउंडला डॉक्टर आले होते. ते मोठ्या माणसांच्या बीपी-शुगरचे डॉक्टर. लहान मुलांचे डॉक्टर त्या दिवशी गावाला गेले होते म्हणून हेच आले. त्यांनी नळी लावली, भुवया वर केल्या आणि म्हणाले, "कसलासा आवाज येतोय. आपल्याकडे नवीन मशीन आलंय, रक्तावरून हृदय कळतं. करून घेऊ."

नवीन मशीन! आमच्याकडे नवीन गिरणी आली तरी लोक गरज नसताना दळण घेऊन जातात.

संध्याकाळी रिपोर्ट आला. तपासणीचं नाव एनटी-प्रोबीएनपी, एखाद्या इंजिनावर रंगवावं तसलं. आकडा चार आकडी होता. शेजारी मर्यादा छापलेली, एकशे पंचवीसच्या आत. आणि आकड्याशेजारी ठळक काळा बाण, वर तोंड केलेला. डॉक्टर म्हणाले, "हृदयावर ताण आला की हे हार्मोन रक्तात वाढतं. हिच्यात किती पटीनं वाढलंय ते तुम्हीच बघा." माझे वडील दुकानदार माणूस, त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि भिंतीला टेकले.

जे मला सात वर्षांनी कळलं ते इथंच सांगून टाकते, कारण कुणाचा जीव टांगणीला लावायची मला हौस नाही. माझा लागला तेवढा पुरे. हे हार्मोन प्रत्येक नवजात बाळाच्या रक्तात भरपूर असतं. पोटात असताना बाळाचं रक्त वेगळ्या वाटेनं फिरतं. जन्मलं, पहिला श्वास घेतला, की त्या एवढ्याशा हृदयाला एका क्षणात सगळा कारभार अंगावर घ्यावा लागतो. म्हणून ते हार्मोन सोडतं. पहिल्या दिवसांत आकडा चार आकडी जाणं काही वेगळं नाही. मग तो झपाट्यानं उतरतो, आणि पुढे वर्षानुवर्षं हळूहळू उतरत राहतो. धडधाकट मूलसुद्धा मोठ्या माणसाच्या आकड्यापर्यंत यायला काही वर्षं घेतं. प्रत्येक वयाची मर्यादा निराळी. रिपोर्टवर छापलेली मर्यादा मोठ्या माणसाची होती. तीन दिवसांच्या जिवाला त्यांनी पायाला सूज आलेल्या म्हाताऱ्याच्या मापानं मोजलं होतं, एवढीच सगळी गोष्ट. यात सात वर्षं गेली.

पाचव्या दिवशी पाचवी पुजायची होती. त्यासाठी सासूबाई देऊळघाटहून आल्या. आमच्याकडे सटवाईची पूजा करताना पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी काय ते लिहून जाते. दिवेलागणीला आईनं पाट मांडला, हळदकुंकू, दोरा, विळा, सगळं ठेवलं. कोरा कागद ठेवणार इतक्यात सासूबाईंनी तिचा हात धरला.

"कोरा कायले ठेवता इहीनबाई? लिव्हलेलं हायेच न एक. तेच ठेवा. देवी वाचीन अन् खोडीन."

आणि त्यांनी रिपोर्ट पाटावर ठेवला. वर हळदीचं बोट लावलं. माझी आई विहिणीपुढं काय बोलणार? ती माझ्याकडे बघत राहिली, मी बाळाकडे. सासूबाईंची भक्ती खरी होती, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी नाकारत नाही. पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या बायांच्या लेकरांचं देवी कोऱ्या कागदावर लिहिते. माझ्या लेकीसाठी कागद आधीच भरलेला होता, आणि तो माझ्या सासूनंच देवीपुढं सही करायला ठेवल्यासारखा ठेवला. सकाळी कागद बघितला. बाण होता तिथंच होता. सासूबाई म्हणाल्या, "नाई खोडलं. म्हंजे देवीच्याई मनात हायेच काईतरी."

पुढच्या आठवड्यात अकोल्याला नेऊन बाळाच्या हृदयाचा फोटो काढला, सोनोग्राफीसारखा असतो तो. तिथले डॉक्टर म्हणाले, हृदय चांगलं आहे, बारीक वाट उघडी आहे ती सगळ्याच बाळांना असते, आपोआप मिटेल, घरी जा. मी जिना उतरताना रडले, आनंदानं. खाली आल्यावर नवऱ्यानं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"फोटोतलं काय घेऊन बसला बापा? फोटो वरून निंगते. रगत आतून येते. रगत खोटं बोलते काय?"

झालं. या एका वाक्यापुढं अकोल्याचे डॉक्टर, त्यांचं मशीन, माझं रडू, सगळं फुकट गेलं. मी बारावी झालेली, नवरा पदवीधर. पण रक्त खोटं बोलत नाही याला आमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण रक्त खरंच खोटं बोललं नव्हतं. खोटं बोलत होता तो शेजारचा छापील आकडा, आणि छापील ते खरं, असं तर आम्ही शाळेत शिकलो होतो.

मलकापूरच्या डॉक्टरांनी एक पातळ औषध सुरू केलं. त्यानं लघवी फार व्हायची. ओठ सुकायचे, लेकरू तहानेनं कासावीस व्हायचं. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं. दर वेळी आकडा उतरलेला आणि दर वेळी बाण वरच. तीन आकड्यांवर आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "औषध लागू पडतंय." सासूबाई म्हणाल्या, "देवी पावून राह्यली." माझी आई सोमवार करत होती, तिनंही फोनवर सांगितलं की महादेवाच्या मनात आलं तर काय होत नाही. जगातल्या सगळ्या मुलांचा उतरतो तसा तो उतरत होता, आणि त्याला इतके जण हातभार लावत होते.

सासूबाईंचा नवस असा. डोंगरावरच्या देवीला दर चैत्रात मुलीला न्यायचं, ते कडेवरच. तिचे पाय पायऱ्यांना लागू द्यायचे नाहीत. आणि ज्या दिवशी रक्त मर्यादेत येईल त्यानंतर देवीपुढं तिची गुळाची तुला करायची, एका पारड्यात पोर, एका पारड्यात गूळ. सासूबाई स्वतः तिला कडेवर घेऊन पायऱ्या चढल्या, वर्षामागून वर्षं. त्यांचे गुडघे गेले त्यात. चार वर्षांची, पाच वर्षांची, सहा वर्षांची लांबलचक पायांची पोरगी आजीच्या कमरेला लोंबकळत वर जायची, आणि वाटेतली प्रत्येक बाई थांबून विचारायची, "काऊन वं, पोरीले चालता येत नाई काय?" सासूबाई घाम पुसून प्रत्येकीला पहिल्यापासून सगळं सांगायच्या. खाली उतरेपर्यंत आजूबाजूच्या पाच-सहा गावांत ती हार्टवाली पोट्टी झालेली असायची.

घरात कायदे होते. तिला रडू द्यायचं नाही, पळू द्यायचं नाही, पाण्याच्या कळशीला हात लावू द्यायचा नाही. झोका नाही. दोरीवरच्या उड्या नाहीत. मी वांग्यांच्या, मिरच्यांच्या वाफ्यात काम करायचे तेव्हा ती बांधावर गोणपाटावर बसून असायची, डोक्यावर रुमाल, कडेला औषधाची बाटली. माझी जाऊ एकदा म्हणाली, "दिसाले बी चांगली हाये पोरगी, पन हिचं जमन कसं पुढं?" मुलगी तेव्हा दुधाचे दात पाडत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली टोपली मी तिच्या पायाशी आपटली, आणि पुढे पंधरा दिवस आम्ही बोललो नाही. आजही ते आठवलं की वाटतं, डोक्यावर आपटायला हवी होती.

एकदाच ती पळालेली मी पाहिली. तेव्हा सव्वाचार वर्षांची असेल. शेतात वासरू दावं तोडून सुटलं आणि मिरचीत शिरलं. सासूबाई विहिरीकडे होत्या. ही गोणपाटावरून उठली आणि वासराच्या मागं लागली. सरीवरून सरीवर उड्या मारत, फ्रॉक वर धरून, वासराला शिव्या देत. शिव्या माझ्याच होत्या, मी बैलांना देते त्या. कुंपणापर्यंत गेली, वासराला वळवून परत आणलं, आणि माझ्यासमोर येऊन हसत उभी राहिली. गाल लाल. श्वास जरा जोरात, मग सरळ. मी तिला उचलून गरगर फिरवलं. मला त्या दिवशी पक्कं कळलं की या पोरीला काहीही झालेलं नाही. आईला कळतं ते कुणाला पटवता येत नाही, पण कळतं.

तेवढ्यात सासूबाई किंचाळत आल्या. त्यांनी तिला माझ्या हातातून ओढून घेतलं, मांडीवर निजवलं, छातीवर हात ठेवला.

"पाह्य पाह्य, कसं धडधडून राह्यलं! अवं पोट्टे, हेच ते! हेच दुखनं हाये तुयं!" त्यांनी तिचा इवलासा हात धरून तिच्याच छातीवर ठेवला. "हे असं लागलं का समजाचं, का जीव थकला. तिथंच बसाचं. हात ठेवाचा अन् देवीचं नाव घ्याचं. समजलं?"

मुलीनं आपल्या छातीवरचा हात बघितला. हसू गेलं तिचं. पळाल्यावर सगळ्यांचंच धडधडतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी ओरडून सांगत होते ते आजीच्या रडण्यात तिला ऐकू आलं नाही. त्या दिवसापासून ती जिना चढली की थांबायची, छातीवर हात ठेवायची, डोळे मिटायची. आल्यागेल्याला याचं फार कौतुक वाटायचं. किती समजूतदार पोरगी!

शाळेत गेली तेव्हा बाईंनी तिला खेळाच्या तासाला एक काम दिलं. मैदानाच्या कडेला मुलं चपला काढून ठेवत, त्या राखायच्या. बाई चांगल्या मनाच्या होत्या, तिला एकटं वाटू नये म्हणून दिलं. तिला वर्गातल्या प्रत्येकाची चप्पल ओळखू यायची. कुणाचा अंगठा तुटलाय, कुणाची मोठ्या बहिणीची आहे, सगळं. घरी आल्यावर मी विचारायचे, आज काय केलं? ती सांगायची, "मम्मी, खो-खो होता. मी चपला पाह्यल्या." एक दिवस सांगता सांगता म्हणाली, "कोनाची चप्पल घिसली का समजते, तो जोरात पयते." मी पोळी तव्यावरच जाळली.

ती सात वर्षांची झाली आणि बाण गेला. आकडा त्या छापील मर्यादेच्या आत आला. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याचा हात हातात घेतला. सासूबाईंनी दवाखान्याच्या दारातच जमिनीला डोकं टेकवलं आणि घरी येताच तुलेचा दिवस ठरवला. त्याच सुमारास शाळेत तपासणीचं पथक आलं होतं. हिला हृदयाचा त्रास होता असं बाईंनी सांगितल्यामुळे त्यांनी बुलढाण्याच्या शिबिरात न्यायला सांगितलं. तिथं लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टर बाहेरून येणार होत्या. नवरा म्हणाला, आता कशाला, झाली ना बरी. मी एकटीच तिला घेऊन गेले. पहिल्यापासूनचे सगळे रिपोर्ट बरोबर घेतले, हळद लागलेल्या त्या पहिल्यासकट.

त्या डॉक्टर बाईंनी पहिल्यांदा मुलीला तपासलं. फोटो काढला. मग तिला म्हणाल्या, जा बाहेर खेळ. ती बाहेर जाऊन बाकावर बसली. मग त्यांनी रिपोर्ट घेतले, एकेक उलटला, तारीख बघायच्या, आकडा बघायच्या. मध्येच चष्मा काढून त्यांनी कपाळ चोळलं.

"हिला औषध कशासाठी दिलं?"

मी बाणावर बोट ठेवलं.

"ही मर्यादा मोठ्यांची आहे," त्या म्हणाल्या. "लहान मुलांची वेगळी असते. तीन दिवसांच्या बाळाची वेगळी, वर्षाच्या मुलाची वेगळी. हे सगळे आकडे त्या त्या वयाला नॉर्मल आहेत."

"सगळे?"

"सगळे."

"हा पण?" मी हळदीचा कागद पुढं केला.

"हा पण. नवजात बाळात एवढं असायचंच. तुमच्या मुलीला काही झालेलं नव्हतं, ताई." त्यांनी रिपोर्टांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "औषध बंद करा. द्यायलाच नको होतं."

लोकांना वाटतं, असं ऐकल्यावर आई आनंदानं वेडी होत असेल. मला आनंद झाला नाही. खोटं कशाला बोलू? मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटला आणि धरायला गळा सापडेना. डॉक्टर बाईंनी पुढचा पेशंट बोलावला. बाहेर माझी मुलगी बाकावर हात मांडीवर ठेवून बसली होती आणि दाराबाहेरच्या चपलांकडे बघत होती.

परतीच्या एसटीत कंडक्टर आला. त्यानं मुलीकडे एक नजर टाकली, काही न विचारता माझं पूर्ण आणि तिचं अर्धं तिकीट फाडलं, अन् पुढं गेला. गाडीभर लोकांत मला हसू फुटलं, वाईट हसू. लेकराचं माप वेगळं असतं हे एसटीला कळतं. मुलगी म्हणाली, "काऊन हसून राह्यली मम्मी?" मी तिला जवळ ओढलं आणि सांगितलं, "बाई, तुले काहीच झालं नव्हतं. कधीच नाही. समजलं?" ती म्हणाली, "हाव. आजी बी म्हन्ते, देवीनं बरं केलं."

घरी मी सगळ्यांना बसवून सांगितलं. अगदी सावकाश, वांगी निवडताना सांगावं तसं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि हात जोडले. "पाह्य बरं देवीचं करनं! मांगचं सगळं पुसून टाकलं तिनं. डॉक्टरीनबाईले बी आजार दिसला नाई."

"आत्याबाई, नव्हताच तो. पुसायले काय होतं?"

"मंग सात वर्सं मी काय येड्यावानी चढली काय पायऱ्या?" त्या ताडकन म्हणाल्या. आणि तिथं मला पहिल्यांदा कळलं की हे प्रकरण आता माझ्या मुलीचं राहिलंच नाही. आजार नव्हता म्हटलं तर सासूबाईंच्या गुडघ्यांचं काय? माझ्या आईच्या सोमवारांचं काय? नवऱ्यानं कामं टाकून मारलेल्या मलकापूरच्या खेपांचं काय? सगळ्यांनाच तो आजार हवा होता. त्यावर त्यांनी इतकं लावलं होतं की आता तो खोटा ठरणं कुणालाच परवडत नव्हतं.

मलकापूरच्या डॉक्टरांकडेही गेले. त्यांनी हसतमुखानं बसायला सांगितलं. मी मर्यादेचं बोलले. ते म्हणाले, "बघा, मर्यादा मशीन छापतं. आपण उपचार केले, रिझल्ट आला. मुलगी चांगली आहे ना? मग आनंद माना." मी म्हणाले, "ती चांगली होती म्हणूनच आले मी." त्यांना काही कळलं नाही, किंवा फार चांगलं कळलं. त्यांनी बेल वाजवली.

राहिली तुला. मी नवऱ्याला सांगितलं, बाकी काहीही करा, तुला करू नका. अहो, ती केली की सगळ्या गावापुढं शिक्कामोर्तब होतं, पोरगी आजारी होती आणि बरी झाली. तिच्याही डोक्यात तेच बसतं, जन्मभरासाठी. मला तिच्या डोक्यातून ते काढायचं आहे, रक्तातून कधी काढायचंच नव्हतं. नवरा कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होता. बांधता बांधता म्हणाला, "सगळे खुश हायेत. तुलेच काय होते? तुले पोरगी बरी झालेली पायली जात नाई काय?"

या माणसावर मी प्रेम करते. त्या दिवशी नाही केलं.

चैत्रात तुला झाली. मी गेले, कारण मी गेले नसते तरी झालीच असती, आणि मला तिला एकटं सोडायचं नव्हतं. शेतातला मोठा काटा टेम्पोत घालून डोंगरावर नेला होता, ज्यावर आम्ही वांग्यांची पोती तोलतो तोच. देवळापुढच्या झाडाला टांगला. सासूबाईंनी तिला शेवटचं कडेवर घेऊन वर आणलं, दोन जागी बसून, धापा टाकत. मग पारड्यात बसवलं. नवं परकर-पोलकं, केसांत गजरा, मांडी घालून शहाण्यासारखी बसली. समोरच्या पारड्यात गुळाच्या भेल्या चढल्या. काटा सरळ झाला तशी बायांनी टाळ्या वाजवल्या, कुणी डोळे पुसले. मी बघत होते. लेकराएवढा गूळ होता समोर.

गूळ फोडून वाटला. पोरं आपापला खडा घेऊन पायऱ्यांवरून खाली धूम पळाली, वर आली, पुन्हा खाली गेली. सासूबाईंनी तिला पारड्यातून उचलून देवळाच्या फरशीवर उभं केलं, तिच्या पायांना हळदकुंकू लावलं आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "फिटला नवस! जाय बाई, पय आता! मोकयी झाली तू!"

सगळे बाजूला झाले. वाट करून दिली तिला. नवरा हसत होता, फोन वर धरून शूटिंग घेत होता. मला सगळं विसरून वाटलं, पळू दे. ज्याचं श्रेय त्यांना घ्यायचं त्यांनी घ्यावं, देवीनं घ्यावं, डॉक्टरनं घ्यावं. एकदा पळू दे.

ती पळाली. परकर दोन्ही हातांनी वर धरून, तशीच, वासरामागं पळाली होती तशी. देवळाच्या कोपऱ्यापर्यंत गेली. पायऱ्या उतरू लागली. आणि मध्येच थांबली. सगळ्यांच्या देखत खाली बसली, उजवा हात छातीवर ठेवला, डोळे मिटले. ओठ हलत होते. देवीचं नाव घेत होती.

"आजी," ती बसल्या जागेवरून ओरडली, "धडधडून राह्यलं!"

नवऱ्यानं फोन खाली घेतला. सासूबाईंनी देवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू मीच काही केलं होतं. "राह्यलं वाट्टे अजून थोडंसं," त्या हळूच म्हणाल्या, आणि त्या गुडघ्यांनिशी उठून तिला कडेवर घ्यायला निघाल्या.

मी त्यांच्या आधी पोचले. पायऱ्यांवरून पळतच गेले, नऊवारी नेसलेली होती तरी. तिच्याजवळ बसले. माझी छाती फुटेल अशी वाजत होती, रागानं, पळण्यानं, कशाकशानं. मी तिचा हात धरला, तिच्या छातीवरून काढला आणि माझ्या छातीवर दाबला.

"पाह्य," मी म्हणाले. "पाह्य, माझं बी धडधडते. जास्त धडधडते तुझ्यापेक्षा. लागते का हाताले?"

तिनं डोळे उघडले. हात तसाच ठेवला, लक्ष देऊन ऐकल्यासारखा. मग तिचा चेहरा पांढरा पडला. दुसरा हात माझ्या खांद्याला लावून ती मला खाली बसवू लागली, हळूच, आजी तिला बसवायची तसं.

"मम्मी," ती म्हणाली, "तुले बी हाये काय?"